हॅटवाला फोटो, तिसरं नाव आणि चननसिंग हवालदार

पाच फूट पाच इंच उंची, हिंदू चेहरा, बारीक मिशी, सडपातळ पण मजबूत बांधा, पांढरा पायजमा, राखाडी शर्ट, डोक्याला छोटी काळी क्रिस्टी टाइपची हॅट. ओळखा कोण? २०१४ साली लाहोर पोलिसांनी कोर्टाच्या आदेशावरून जुनी दप्तरं उपसली तेव्हा साँडर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाची अनारकली पोलीस ठाण्यातली एक उर्दू एफआयआर सापडली, तारीख १७ डिसेंबर १९२८, वेळ दुपारी साडेचार, आरोपी दोन अनोळखी बंदूकधारी. ज्याचा पाठलाग केला त्या माणसाचं हे वर्णन तक्रार देणाऱ्या पोलिसाने लिहून दिलेलं. भगतसिंगांचं नाव त्यात कुठेच नाही. पोलिसाला मारणाऱ्या माणसाचं या प्रकरणातलं पहिलं चित्र हे असं आहे, कोरडं, मापं घेतल्यासारखं. पुढे त्या चित्राचं काय काय होत गेलं ते बघायचं म्हणून हे प्रकरण घेतलंय.

आणि खरं कारण सांगायचं तर माझे मामा. मामा पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झाले. दर २३ मार्चला फॅमिली ग्रुपवर तिघांचा फोटो येतो, हात जोडलेले इमोजी येतात, मामापण टाकतात. एका वर्षी कोणीतरी साँडर्स वधाची लांबलचक पोस्ट टाकली आणि मामांनी ती पूर्ण वाचली (ग्रुपवर एवढं कोणी वाचत नाही) आणि मला फोन करून विचारलं, अरे यात शेवटी तो एक हेड कॉन्स्टेबल मेला म्हणून लिहिलंय तो कोण रे? मी म्हटलं चननसिंग. ते म्हणाले, बरं, आणि पुढे? पुढचं मला काही सांगता आलं नाही.

तर आधी घटना, थोडक्यात, कारण ती शाळेपासून सगळ्यांना माहितीये. ३० ऑक्टोबर १९२८ ला सायमन कमिशन लाहोरला आलं, निदर्शनं झाली, पोलीस सुपरिंटेंडंट जेम्स स्कॉटच्या हुकमावरून लाठीमार झाला, लाला लजपत रायांना मार बसला, आणि १७ नोव्हेंबरला ते गेले. बरोबर एक महिन्याने, १७ डिसेंबरला, पोलीस ऑफिसच्या बाहेर स्कॉटला मारायचं ठरलं. ओळख पटवून इशारा करायचं काम जयगोपालकडे होतं, आणि बाहेर आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याला तो स्कॉट समजला. तो होता जे. पी. साँडर्स, असिस्टंट सुपरिंटेंडंट, वय २१, नोकरीत नवीनच. मोटारसायकलवर बसतोय तोच राजगुरूंनी पहिली गोळी झाडली, मग भगतसिंगांनी वरून आणखी. फर्न नावाचा ट्रॅफिक इन्स्पेक्टर मागे धावला, त्याच्यावर गोळी झाडली तेव्हा तो थांबला. चननसिंग मात्र थांबला नाही. समोरच्या डीएव्ही कॉलेजच्या आवारातून पोरं पळत होती आणि हा त्यांच्या मागे, मागे कव्हर द्यायला चंद्रशेखर आझाद उभे होते, त्यांनी त्याला मागे फिर म्हणून दरडावलं असं साथीदारांच्या आठवणींत येतं, तो फिरला नाही, आझादांनी गोळी घातली.

म्हणजे दोन पोलीस मेले. एक चुकून, कारण नेम दुसऱ्यावर होता, आणि एक ड्यूटी करताना, कारण तो धावला.

आता मीडिया. लोक धरून चालतात की बातमी पेपरवाले बनवतात आणि ज्याची बातमी तो बिचारा गप्प बसलेला असतो. इथे उलटं होतं. दुसऱ्या दिवशी लाहोरच्या भिंतींवर हिंदुस्थान सोशॅलिस्ट रिपब्लिकन आर्मीची, म्हणजे या पोरांच्याच संघटनेची, पत्रकं लागली, खाली टोपणनावाने सही, बलराज, कमांडर-इन-चीफ. साँडर्स मेला, लालाजींचा बदला घेतला, हे मथळ्यालाच. पुढे मजकूर वाचला तर चकित व्हायला होतं, कारण त्यात माणूस मेल्याबद्दल खेद आहे, आणि लगेच असंही आहे की हा माणूस एका क्रूर व्यवस्थेचा प्रतिनिधी होता, ती व्यवस्थाच संपवायचीय. खटल्यात माफीच्या साक्षीदाराने सांगितलं की पत्रकाच्या प्रती आधीच लिहायला घेतल्या होत्या, स्कॉटच्या नावाने. माणूस बदलला तसं नाव बदललं, बाकी मजकुराला फार धक्का लावावा लागला नाही! मला यात हे प्रकरण सगळ्यात उघडं पडलेलं दिसतं. पत्रकातला साँडर्स हा साँडर्स नव्हताच, ती एक रिकामी खुर्ची होती, तिथे जो बसेल तो. आणि चननसिंग? पत्रकात त्याचं नाव नाही. त्याच्यासाठी खुर्चीच ठेवलेली नव्हती, कारण तो ब्रिटिश सत्तेचा चेहरा म्हणून चालला नसता, पंजाबातलाच पगारी माणूस तो. त्याच्यावर दोन ओळी लिहायच्या तर आख्खा मुद्दाच गुंतागुंतीचा झाला असता.

मग लाहोरमधून पळून जाणं. ही गोष्ट तर सिनेमासारखीच आहे, भगतसिंग साहेबी कपड्यात, साथीदार दुर्गाभाभी बायको बनून, कडेवर त्यांचा छोटा मुलगा शची, आणि सामान उचलणारा नोकर म्हणून राजगुरू. कलकत्त्याच्या गाडीत बसले आणि निसटले. वेषांतर म्हणून एकदम बरोबर होतं, पण मला नेहमी वाटतं की राजगुरू त्या वेषातून पूर्ण बाहेर आलेच नाहीत, लोकांच्या मनात. खेडचा हा शिवराम हरी, काशीला संस्कृत शिकलेला, नेमबाज, ज्याची पहिली गोळी होती, तो आजही घोषणेत तिसरा. भगतसिंग, सुखदेव, राजगुरू. लय जमते म्हणा, पण सुखदेव तर गोळीबाराच्या जागी नव्हतेसुद्धा. आपल्याकडे खेडचं राजगुरुनगर झालं, एसटीच्या पाटीवर नाव आलं, तरी पुण्याकडच्या कितीतरी पोरांना विचारा, पहिली गोळी कोणाची, उत्तर येईल भगतसिंग.

हे असं का झालं याचं एक कारण फार साधं आहे. फोटो.

एप्रिल १९२९. दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकायचं ठरलंय, पळून जायचं नाही, पकडले जायचं आणि कोर्टातून बोलायचं असं पक्कं. त्याच्या काही दिवस आधी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त काश्मिरी गेटजवळच्या एका स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतात. तोच तो हॅटवाला फोटो. नंतर प्रिंट पेपरांकडे पोचवायची सोय आधीच करून ठेवलेली. ८ एप्रिलला बॉम्ब पडला, सोबत बहिऱ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा हवा असं सांगणारी पत्रकं खाली आली, हिंदुस्थान टाइम्सने त्याच संध्याकाळी जादा अंक काढून तो मजकूर छापला, आणि त्याच महिन्यात लाहोरच्या उर्दू बंदे मातरममध्ये भगतसिंगांचा फोटो आला. आता बघा, त्या काळी पोलिसाला मारणारा किंवा बॉम्ब टाकणारा म्हटलं की लोकांच्या आणि सरकारच्या डोक्यात एक ठरलेलं चित्र होतं, अंधारात लपणारा, माथेफिरू, बंगाली गुप्त मंडळीवाला. आणि समोर काय आलं तर विलायती हॅट, शांत थेट नजर, कॉलेजचा देखणा मुलगा. सरकारी भाषेत टेररिस्ट म्हणा, अ‍ॅनार्किस्ट म्हणा, तो फोटो बघितला की शब्द लागूच होत नव्हता. पुढे कानपूर, लाहोरच्या छापखान्यांतून त्या फोटोवरून रंगीत चित्रं निघाली, बाजारात विकली गेली, सरकारने जप्त केली, परत निघाली. जप्त झाली म्हणून ती आज लंडनच्या आणि दिल्लीच्या दप्तरखान्यात शाबूत आहेत हा एक विनोदच.

राजगुरू तेव्हा फरार होते, पुण्यात पकडले गेले ३० सप्टेंबर १९२९ ला. असा ठरवून काढलेला, पेपरांना वाटलेला फोटो त्यांचा नाही. जो मेला तो चननसिंग तर कोणत्याच भिंतीवर नाही.

खटल्याबद्दल फार लिहीत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. साँडर्सचा खटला जुलै १९२९ मध्ये लाहोरला सुरू झाला तोपर्यंत पेपरांत चर्चा खुनाची राहिलीच नव्हती, चर्चा होती उपोषणाची. राजकीय कैद्यांना माणसासारखं वागवा म्हणून पोरं उपाशी बसली, जतीन दास ६३ दिवसांनी, १३ सप्टेंबरला गेले, कलकत्त्यात त्यांच्या अंत्ययात्रेला माणसांचा समुद्र लोटला. जिनांनी असेंब्लीत उभं राहून सांगितलं की उपोषण करणाऱ्या माणसाला आत्मा असतो, तो थंड डोक्याचा गुन्हेगार नसतो. पोलिसांना मारणारे लोक आता स्वतःच्या शरीरावर सोसणारे झाले. सरकारला हे बरोबर कळत होतं, कोर्ट रोज त्यांना स्टेज देतंय, घोषणा, गाणी, २१ जानेवारी १९३० ला लेनिन दिनाला गळ्यात लाल रुमाल बांधून येणं आणि मॉस्कोला पाठवायची तार कोर्टात वाचणं, आणि हे सगळं दुसऱ्या दिवशी पेपरात. म्हणून १ मे १९३० ला व्हाइसरॉय आयर्विनने वटहुकूम काढून खास ट्रिब्यूनल नेमलं. आरोपींनी हजर राहायचंच सोडलं. ७ ऑक्टोबरला निकाल, तिघांना फाशी. कायदेशीर बाजू घाईघाईत गुंडाळली गेली आणि तेच सरकारच्या अंगाशी आलं, कारण मग खुनाचा पुरावा किती पक्का होता हा प्रश्नच मागे पडला. पुरावा तसा होता हो, असेंब्लीत भगतसिंगांकडे सापडलेलं पिस्तूल साँडर्सच्या गोळ्यांशी जुळतं असं तज्ज्ञाने सांगितलं होतं. पण लोकांनी बघितलं ते आरोपी नसलेलं कोर्ट.

२३ मार्च १९३१ ला संध्याकाळी फाशी झाली, आणि त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस हे माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहेत, कारण पोलिसाला मारणाऱ्याबद्दल भारतीय पेपरांत आणि पुढाऱ्यांच्या तोंडी जी भाषा अजून चालते तिचा साचा तेव्हा पक्का झाला. कराची काँग्रेसचा ठराव बघा. कोणत्याही स्वरूपाच्या राजकीय हिंसेशी आमचा संबंध नाही, ती आम्हाला मान्य नाही, असं म्हणत म्हणत या तिघांचं शौर्य आणि त्याग यांचं कौतुक. एकाच वाक्यात. फाशीवरून तरुण इतके भडकलेले की गांधी कराचीला उतरले तेव्हा त्यांना काळी फुलं दिली. २९ मार्चच्या लेखात गांधींनीही तेच केलं, त्यांच्या वीरतेला नमस्कार करायचा पण अनुकरण नाही करायचं. मी हे टिंगल म्हणून लिहीत नाहीये, गांधी निदान वाक्याचे दोन्ही भाग मनापासून म्हणत होते, जानेवारी १९३० मध्ये बॉम्बच्या पंथावर त्यांनी सडकून लिहिलं होतं आणि क्रांतिकारकांनी त्याला छापील उत्तर दिलं होतं, तो खरा वाद होता. पण बाकीच्यांच्या हातात ते वाक्य म्हणजे छत्री झाली. हिंसा चूकच, पण. त्या ‘पण’च्या अलीकडे कोणी वाचत नाही, सगळी बातमी पलीकडे. आणि साँडर्स असो की चननसिंग, मेलेले पोलीस कायम अलीकडे.

दोन लेख या साच्यात बसत नाहीत म्हणून मला आवडतात. एक पेरियारांचा, त्यांच्या कुडी अरसू या तमिळ साप्ताहिकातला, २९ मार्चचाच, त्यांनी शौर्य वगैरे बाजूला ठेवलं आणि भगतसिंगांचे विचार काय होते, समाजवाद, नास्तिकपणा, तिथेच हात घातला. दुसरा आपल्या मराठीतला, बाबासाहेबांच्या जनताचा १३ एप्रिल १९३१ चा अग्रलेख, तीन बळी. मथळ्यातच बघा, हुतात्मे नाही, खुनी नाही, बळी. आणि प्रश्न असा की हे बळी कोणासाठी दिले. रोख इंग्लंडमधल्या राजकारणावर, तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांना खूश ठेवायला न्यायाचं नाव पुढे केलं असा. फाशीऐवजी गोळ्या घाला ही या तिघांची मागणीसुद्धा ऐकली नाही हेही त्यात आहे. आरती नाही आणि शिवीही नाही, कोणाचा फायदा झाला एवढं विचारणारा अग्रलेख. आजच्या चॅनेलवाल्यांना दाखवावा असा. (दाखवून काही होणार नाही, ती गोष्ट वेगळी.)

सरकारने काय केलं? शब्दांवर कायदा केला. १९३१ च्या शेवटाकडे आलेल्या प्रेस इमर्जन्सी पॉवर्स अ‍ॅक्टमध्ये असं लिहिलंय की खुनाला चिथावणी देणं तर सोडाच, तसा गुन्हा करणाऱ्या खऱ्या किंवा काल्पनिक माणसाबद्दल पसंती, कौतुक दाखवलं, आडून दाखवलं तरी छापखान्याचं डिपॉझिट जाऊ शकतं. काल्पनिकसुद्धा! म्हणजे कथा लिहून पळायची सोय नाही. याचा परिणाम जो व्हायचा तोच झाला, कौतुक गाण्यांत गेलं, चित्रांत गेलं, ‘पण’वाल्या वाक्यांत गेलं. उघड चर्चा, म्हणजे मारलं ते बरोबर होतं का, साँडर्स नेमका किती दोषी होता, चननसिंग कशासाठी मेला, ती करायला जागाच उरली नाही. कायद्याने एका बाजूचं तोंड बांधलं की दुसऱ्या बाजूचीही शंका गप्प होते, कारण तुरुंगात असलेल्या माणसावर कोण टीका करणार.

स्वतः भगतसिंग या बाबतीत भक्तांपेक्षा जास्त मोकळे होते. २ फेब्रुवारी १९३१ ला तरुण कार्यकर्त्यांसाठी लिहिलेल्या मजकुरात ते म्हणतात की मी दहशतवादी नाही, कदाचित क्रांतिकारी आयुष्याच्या सुरुवातीचा काळ सोडला तर कधीच नव्हतो, आणि त्या मार्गाने काही मिळणार नाही याची मला खात्री आहे. हे वाक्य ना पोस्टरवर येतं ना रिंगटोनमध्ये. २००२ साली त्यांच्यावरचे दोन हिंदी सिनेमे एकाच दिवशी लागले तेव्हा थिएटरात टाळ्या कशाला पडल्या ते मला अजून आठवतं, साँडर्स पडला तेव्हा. आपणही वाजवल्या, खोटं का बोलू.

शब्दांची भांडणं मग चालूच राहिली. २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या एका इतिहासाच्या पुस्तकात क्रांतिकारी दहशतवादी असा शब्द आहे म्हणून संसदेपर्यंत गदारोळ झाला. लिहिणारे इतिहासकार भगतसिंगांचे वैरी मुळीच नव्हते, एकेकाळी तो शब्द क्रांतिकारकसुद्धा वापरायचे, पण शब्दाचा अर्थ मधल्या काळात पार बदललाय आणि वाचणारा आजचाच अर्थ घेणार, त्यामुळे चिडलेल्यांनाही मी अगदीच वेडं म्हणत नाही. तिकडे लाहोरला जिथे फाशी दिली ते जेल आता नाही, तिथे शादमान चौक आहे, त्याला भगतसिंगांचं नाव द्यावं म्हणून कितीतरी वर्षं कोर्टबाजी चालली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या पंजाब सरकारने हायकोर्टात सांगितलं की बेत रद्द, आणि सोबत नौदलाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याचं मत जोडलं, की भगतसिंग क्रांतिकारक नव्हते, गुन्हेगार होते, आजच्या भाषेत दहशतवादी, ब्रिटिश पोलीस अधिकारी मारला आणि त्यासाठी दोन साथीदारांसह फाशी गेले. आपल्याकडे साहजिकच संताप झाला, बातम्या झाल्या. मी ते वाचताना वेगळ्याच ठिकाणी अडकलो. ब्रिटिश पोलीस अधिकारी मारला. एक. पोलिसाच्या बाजूने बोलतोय म्हणणाऱ्या माणसालाही दुसरा पोलीस आठवला नाही, आणि राजगुरू इथेही दोन साथीदारांतले एक.

आणि शहीद हा शब्द. १९३१ मध्ये तो पोलिसाला मारणाऱ्याचा होता. आज मराठी पेपर उघडा, १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात पोलीस गेले त्याच्या बातम्या काढा, १५ जवान शहीद. शब्द तोच, बाजू उलटी. २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो, मामांनी नोकरीत असताना कितीदा त्या परेडला सलामी दिलीय, नावं वाचली जातात. दिल्लीच्या चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, भिंतीवर हजारो नावं कोरलेली, पण ती स्वातंत्र्यानंतरच्या पोलिसांची. चननसिंग १९२८ चा, म्हणजे तिथेही नाही. ब्रिटिशांचा नोकर म्हणून आपल्या यादीत नाही, हवालदार म्हणून साहेबांच्या आठवणींत नाही, शीख म्हणून आजच्या लाहोरला त्याचं काही नाही.

मामांना हे सगळं सांगितलं एकदा, जेवताना. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ज्याच्यावर गोळी झाडली तो इन्स्पेक्टर, तो फर्न, तो वाचला ना? मी म्हटलं हो, त्याला लागलीच नाही, तो थांबला. मामा म्हणाले, मोठा साहेब थांबला तर हवालदाराने पण थांबायचं असतं, आम्हाला कोणीतरी हे शिकवायला हवं होतं. आणि भाजी वाढायला सांगितली. येत्या २३ मार्चला ते परत तोच फोटो टाकतील, हात जोडून, मलाही माहितीये.